खेळायला पाठवण्याआधीचा प्रश्न

आमची मुलगी दुसरीत असताना पहिल्यांदाच एका मैत्रिणीच्या घरी रात्री राहायला जाणार होती. त्या मैत्रिणीच्या आईला फोन करून मी शेंगदाण्यांची ॲलर्जी, घरातला कुत्रा आणि मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव या सगळ्याची चौकशी केली. पण ज्या प्रश्नासाठी खरे तर फोन केला होता, तो ओठांवर येऊनही विचारला गेला नाही. तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असल्यास ती कुलपात असते का, एवढाच तो प्रश्न होता. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इतकी वर्षे काढूनही दुसऱ्याच्या घरात काय आहे हे विचारणे मला आगाऊपणाचे वाटत असे.

त्यानंतर काही आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, आमच्याच ओकलंड काउंटीतल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. त्यात चार विद्यार्थी गेले आणि सात जण जखमी झाले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. त्या दिवशी सकाळी त्याने गणिताच्या कागदावर बंदुकीचे चित्र काढून 'हे विचार थांबत नाहीत, मला मदत करा' असे लिहिलेले शिक्षिकेला दिसले होते. आईवडिलांना शाळेत बोलावलेही गेले, पण त्यांनी त्याला घरी नेले नाही आणि पिस्तूल ज्या दप्तरात होते ते दप्तर कोणीही उघडून पाहिले नाही. पुढे खटल्यात पिस्तुलासाठीचे केबलचे कुलूप पुढे आले, ते वेष्टनातून काढलेलेसुद्धा नव्हते. सरकारी वकील बाईंनी ज्यूरीसमोर तसे कुलूप पिस्तुलाला बसवून दाखवले, आणि त्यासाठी त्यांना काही सेकंदच लागले. ते काही सेकंद माझ्या मनातून आजही जात नाहीत. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

कोलंबाइन, सँडी हूक, पार्कलंड, युवाल्डी: शाळांमधल्या गोळीबारांची ही नावे. प्रत्येक वेळी वाद त्याच खिंडीत येऊन अडतो. एक बाजू लष्करी बनावटीच्या रायफलींवर बंदी मागते, दुसरी बाजू शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवते. त्या रायफली बाजारात नसाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे, आणि १९९४ ते २००४ या काळात तशी बंदी या देशात होतीही. परंतु या मोठ्या वादात एक साधी गोष्ट झाकली जाते: शाळेत चाललेली बंदूक बहुतेक वेळा मुलाच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातूनच आलेली असते. सँडी हूकमध्ये २० लहान मुलांचा जीव घेणारी रायफलही हल्लेखोराच्या आईचीच होती.

घरातल्या बंदुकीला कुलूप लावायला सांगणे म्हणजे हक्कांवर गदा, असेही ऐकू येते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा एक कायदा रद्द केला. त्यात घरातली बंदूकसुद्धा भाग सुटे करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी अशी अट होती आणि तिच्यामुळे स्वसंरक्षण अशक्य होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पण अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे नियम करण्यास आपला आक्षेप नाही, हेही त्याच निकालात लिहिलेले आहे, आणि ते फारसे कोणी वाचत नाही.

बंदुकीचा मला तिटकारा आहे असे मात्र नव्हे. कणकवलीजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, कारण रानडुकरे एका रात्रीत उभे शेत आडवे करत. बंदूक माजघरात उंच खुंटीवर असे, दारू आणि छरे वेगळ्या पेटीत, आणि पेटीची किल्ली आजोबांच्या कडदोऱ्याला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होई आणि पावती आजी देवघराच्या फळीवर ठेवी. त्या किल्लीमुळे आपला हक्क गेला, असे आजोबांना कधी वाटले नाही. इथेही १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि आमचे शेजारी आपल्या रायफली तितक्याच निगुतीने तिजोरीत ठेवतात.

१३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये नवा कायदा लागू आहे: जिथे अल्पवयीन मूल येण्याजाण्याची शक्यता असते, तिथे बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवावी लागते, नाहीतर गोळ्या काढून तिला कुलूप लावावे लागते. मात्र कुलूप लावले की नाही हे पाहायला घरोघरी कोणी जात नाही. ते पाहणे आपल्याच हातात उरते.

म्हणून अलीकडे पुन्हा असाच बेत ठरला, तेव्हा मी विचारले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग मैत्रिणीची आई म्हणाली की नवऱ्याचे पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात असते आणि त्या खणाला कुलूप नाही. मी म्हटले, मग या वेळी मुलींना आमच्याकडेच झोपू द्या. शनिवारी ती लेकीला सोडायला आली, हातात उशी आणि पांघरूण. निघताना दारात थांबून तिने मला विचारले, "आणि तुमच्या घरी?"

मी सांगितले, "नाही."