लावलेली झाडे आणि रिकामे महिने

उष्ण कटिबंधात शाश्वत शेती, वनशेती आणि पोषण यांसाठी झटणाऱ्या संस्थांविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि आता त्यांच्या अहवालात मी लावलेल्या झाडांचा आकडा शोधत नाही. घरातले जुने धान्य संपलेले असते आणि नवे पीक अजून हाती आलेले नसते, त्या महिन्यांचा अशा संस्थेने काय विचार केला आहे, हे मी आधी पाहतो.

नैरोबीच्या वर्ल्ड अ‍ॅग्रोफॉरेस्ट्री या संस्थेची एक पद्धत मला म्हणूनच फार मोलाची वाटते. तिचे संशोधक गावातल्या कुटुंबांबरोबर बसून वर्षाचे बारा महिने मांडतात, कोणत्या महिन्यात कोणते फळ पिकते आणि त्यातून अ आणि क जीवनसत्त्व मिळते का हे त्यात भरतात, आणि जे महिने रिकामे राहतात त्यांच्यासाठी झाडे निवडतात. आंब्याचा बहर थोड्या आठवड्यांत सरतो, पपई मात्र जवळजवळ वर्षभर धरते. म्हणजे नुसती आंब्याची शंभर रोपे वाटली, तर आकडा मोठा दिसेल, पण ताटातली उणीव तशीच राहील.

नायजर देशातल्या मराडी भागात लावलेली रोपे बहुतेक जळून जात होती. १९८३ च्या सुमारास तिथे काम करणाऱ्या टोनी रिनाउडो यांच्या लक्षात आले की शेतात झुडपे म्हणून दिसणारे फुटवे हे तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना आलेले आहेत. त्यातले मोजके जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढ्यावर शेतकऱ्यांनी पुढे सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली. रोपवाटिका नाही, रोपांची वाहतूक नाही. आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातले फायडर्बिया आल्बिडा हे झाड तर पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे खालच्या पिकाला ऊन मिळते, आणि कोरड्या दिवसांत हिरवे राहून जनावरांना सावली व शेंगा देते.

फ्लोरिडातील एको ही संस्था कार्यकर्त्यांना निरनिराळ्या पिकांच्या बियाण्यांची छोटी पाकिटे चाचणीसाठी देते. आधी थोडे लावून पाहावे आणि मग पसरवावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

नारिंगी गराच्या रताळ्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. त्यातून अ जीवनसत्त्व मिळते, आणि पिकांतच अशी पोषकता वाढवण्याच्या कामासाठी २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बोइस यांना मिळाला. पण रताळे वेलाच्या तुकड्यांपासून लावतात, आणि लांबलेल्या कोरड्या ऋतूत वेल वाळून गेले की पावसाच्या तोंडावर बेणेच उरत नाही. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने प्रसृत केलेला त्यावरचा उपाय कोणत्याही घरात जमण्याजोगा आहे. काढणीनंतर लहान, न दुखावलेली, कीड नसलेली रताळी निवडून एखाद्या घमेल्यात कोरड्या वाळूचे थर देत ठेवायची, ते घमेले घरातल्या गार जागी सांभाळायचे, आणि पावसाच्या सहा ते आठ आठवडे आधी ती रताळी वाफ्यात पुरून त्यांना पाणी द्यायचे, म्हणजे पहिला पाऊस पडेपर्यंत लावणीचे वेल तयार होतात.