प्रोसेस अकाउंटिंग चालू-बंद करताना: माझा अनुभव

कोणत्या युजरनं कोणती कमांड कधी चालवली आणि तिनं किती सीपीयू खाल्ला, एवढंच हवं असेल तर लिनक्सवर मी ऑडिटच्या (सखोल नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) भानगडीत पडत नाही. प्रोसेस अकाउंटिंग, म्हणजे संपलेल्या प्रत्येक प्रोसेसची (चालवलेल्या प्रोग्रॅमची) कर्नलनं, लिनक्सच्या गाभ्यानं, ठेवलेली नोंद, तेवढ्याला पुरतं. डेबियन, उबुंटूवर पॅकेजचं नाव अ‍ॅक्ट, रेड हॅटच्या घराण्यात पीएसअ‍ॅक्ट. रेड हॅटवर इन्स्टॉल करून भागत नाही, सर्व्हिस सिस्टिमसीटीएल कमांडनं एनेबल (रीबूटनंतर आपोआप सुरू होण्यासाठी) आणि स्टार्ट (लगेच सुरू होण्यासाठी) दोन्ही करावी लागते.

हातानं चालू करायचं तर नोंदींची फाइल आधी असावी लागते, कर्नल ती बनवून देत नाही. म्हणून मी आधी टच कमांडनं रिकामी फाइल बनवतो, मालकी रूटला (अ‍ॅडमिन युजरला) देतो, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवतो आणि मग अकाउंटिंग चालू-बंद करणाऱ्या अ‍ॅक्टऑनला पूर्ण पाथ देतो.

चालू झालं का, हे पाहायला निवांत मशीनवर त्या फाइलवर लागोपाठ दोनदा एलएस -एल (फाइलचा आकार दाखवणारी कमांड) चालवायचं. दुसऱ्या वेळी आकडा ६४ बाइटनी वाढलेला दिसतो. ती पहिल्या एलएसची नोंद. दुसऱ्याची अजून पडलेलीच नाही, कारण नोंद प्रोसेस संपतानाच लिहिली जाते. म्हणूनच महिनोन्‌महिने चालणारा डेटाबेस लास्टकॉममध्ये (या नोंदी वाचून दाखवणाऱ्या कमांडमध्ये) दिसत नाही आणि वीज गेली तर त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेस हिशेबाबाहेर राहतात. नोंदीत नावाला जागा जेमतेम १६ अक्षरांची, आर्ग्युमेंट्स नाहीतच. पायथनला स्क्रिप्टचं नाव देऊन चालवलं तर नुसतं पायथन दिसतं. लास्टकॉमच्या ओळीत एक्स खूण असली तर प्रोसेस सिग्नलनं मेली, डी असली तर कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची प्रत) पडला.

तासाला एक लाख प्रोसेस होत असतील तर दिवसाला साधारण १५० एमबी जातात. बिल्ड सर्व्हरवर हे सहज होतं, तेव्हा रोटेशन (जुनी फाइल बाजूला काढून नवी सुरू करणं) हवंच. खरी गोची तिथेच असते. फाइल कर्नलनं उघडून धरलेली असते, त्यामुळे नुसतं नाव बदललं तर लिखाण जुन्याच फाइलमध्ये चालू राहतं. नवी फाइल बनवून अ‍ॅक्टऑन पुन्हा द्यावं लागतं. फाइल पुसली तर आणखी वाईट: जागा सुटत नाही आणि एलएसओएफमध्येही (उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडमध्येही) काही सापडत नाही, कारण ती कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसते.

जागा संपत आली की कर्नल आपणहून थांबतो. प्रॉकमधल्या कर्नलखालच्या अ‍ॅक्ट फाइलमध्ये मूळचे आकडे ४, २, ३० असतात: मोकळी जागा २ टक्क्यांवर आली की लिखाण बंद, ४ टक्के झाली की परत चालू, तपासणी ३० सेकंदांनी. मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्या. नोंदींत खिंडार दिसलं की मी आधी डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) अकाउंटिंग थांबल्याची ओळ शोधतो.

बंद करायला अ‍ॅक्टऑन ऑफ. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर फाइलचं नाव न देता अ‍ॅक्टऑन चालवलं की बंद होतं. तीच सवय लिनक्सवर नको, ऑफ स्पष्ट लिहावं. पण सर्व्हिस तशीच ठेवली तर रीबूटनंतर किंवा रोटेशनच्या स्क्रिप्टमधून ते गुपचूप परत चालू होऊ शकतं, म्हणून सर्व्हिस स्टॉप आणि डिसेबल दोन्ही करायची. जुन्या फाइली लास्टकॉमला -एफ देऊन नंतरही वाचता येतात. मात्र त्यात युजर आकड्यात असतो. दुसऱ्या मशीनवर वाचल्या तर तिथल्या पासवर्ड फाइलमध्ये (युजरचे आकडे आणि नावं यांच्या यादीत) त्या आकड्यापुढे असलेली नावं दिसतात.