अंतर तेच, नजर वेगळी

सोमवार

प्रबंधाचा सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आलीय आणि माझं डोकं एका पक्ष्यात अडकून बसलंय. विषय तसा ठरलेला आहे: बालवाडीतल्या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं कधी आणि कसं कळायला लागतं. पण जयकर ग्रंथालयात वाचायला बसले की मी मुलांपासून सुरुवात करते आणि दर वेळी प्राण्यांपाशी जाऊन पोचते. त्याला कारण आहे. हा प्रश्न आमच्या मानसशास्त्रात आला तोच मुळी एका चिंपांझीमुळे. १९७८ साली डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुड्रफ यांनी सारा नावाच्या चिंपांझीला छोट्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. त्यात एक माणूस अडचणीत सापडलेला असे; केळी दिसतायत, पण हात पोचत नाही, असं काहीतरी. मग तिच्यासमोर फोटो ठेवायचे, त्यातल्या एकात त्या अडचणीवरचा उपाय. सारा बहुतेक वेळा नेमका तोच फोटो उचलायची. समोरच्याला काय हवंय हे तिला कळतंय का, असा प्रश्न त्या दोघांनी मांडला.

त्यावर सगळ्यात मोलाचं बोलले ते तत्त्वज्ञ. डेनेट, बेनेट आणि हार्मन या तिघांनी आपापल्या टिपणांत साधारण एकच मुद्दा काढला. समोरच्याची समजूत बरोबर असेल, तर तो काय करेल हे ओळखायला त्याच्या मनात शिरायची गरजच नाही. परिस्थितीकडे बघूनही ते सांगता येतं. त्याची समजूत चुकीची असताना तो त्या चुकीप्रमाणेच वागणार, हे ओळखता आलं तर खरं. पुढे १९८३मध्ये हाइन्ट्स विमर आणि योझेफ पेर्नर यांनी हीच कल्पना मुलांसाठी गोष्टीत बसवली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. चार-पाच वर्षांची जुन्या कपाटाकडे.

म्हणजे चिंपांझीवरच्या निबंधाला तत्त्वज्ञांनी हरकत घेतली आणि त्या हरकतीतून बालमानसशास्त्रातली इतकी महत्त्वाची चाचणी उभी राहिली. मला हे फार सुंदर वाटतं. आमच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र या तिन्ही विषयांचे विभाग चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. पण तिन्हीकडची माणसं एकत्र दिसतात ती फक्त कँटीनमध्ये, चहाच्या कूपनच्या रांगेत.

मंगळवार, उशिरा

रूममेट झूलॉजीची. काल रात्री तिच्याकडे हे सगळं बोलत होते तेव्हा ती म्हणाली, "अगं, तुमच्या त्या चिंपांझीसाठी अमेरिकेत कशाला जातेस? वेडा राघू वाच." आणि तिने मला वेडा राघू या छोट्या हिरव्या पक्ष्यावरचा वाटव्यांचा पेपर पाठवला.

मिलिंद वाटवे तेव्हा इथे पुण्यातच, कर्वे रोडला, गरवारे कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे. जिवाणू शिकवणारा माणूस पक्ष्याच्या मनाचा प्रश्न घेतो, हेच मला आधी आवडलं. १९९९मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला आणि २००२मध्ये सविस्तर पेपर ‘ॲनिमल कॉग्निशन’मध्ये. वेडा राघू मातीच्या कडेत बीळ खणून घरटं करतो. आसपास धोका वाटला तर चोचीत किडा धरून तारेवर नाहीतर फांदीवर बसून राहतो, बिळात जात नाही. गेला तर घरटं कुठे आहे ते उघडं पडेल. इथपर्यंत कुणाही पक्षीनिरीक्षकाला माहीत असतं. वाटव्यांनी पुढचं विचारलं: पक्षी नुसता माणूस बघून थांबतो, की त्या माणसाला तिथून बीळ दिसतंय हे बघून थांबतो?

मग त्यांनी माणूस उभा करायच्या दोन जागा निवडल्या. घरट्यापासून दोन्हींचं अंतर सारखं. दोन्हीकडे उभा असलेला माणूस पक्ष्याला सारखाच स्वच्छ दिसतो. फरक एकच, एका जागेवरून बिळाचं तोंड दिसतं आणि दुसरीवरून मध्ये आडोसा येतो. माणसाला बीळ दिसत असताना पक्षी आत जायला कचरत होते. दिसत नसताना जात होते.

बस्स. ना प्रयोगशाळा, ना महागडं यंत्र. घड्याळ, वही आणि उन्हात उभं राहायची तयारी. पेपर वाचून झाल्यावरही मी किती तरी वेळ तो मिटला नाही.

बुधवार

अपेक्षेप्रमाणे फिलॉसॉफीतल्या मित्राने आज अडवलं. त्याला मी सगळं सांगितलं, वहीत आकृती काढून दाखवली. पोहे संपेपर्यंत तो गप्प. मग म्हणाला, "पक्ष्याला मन कळतंय कशावरून? माणसाच्या डोळ्यांपासून बिळापर्यंत सरळ रेघ मोकळी असेल तर जायचं नाही, एवढा नियम त्याच्या अंगात असेल. नियमाला मन लागत नाही."

हरकत जुनी आहे आणि वजनदार आहे. चिंपांझींबद्दल डॅनियल पोव्हिनेली वर्षानुवर्षं हेच म्हणत आले: वागणं वाचता येणं म्हणजे मन वाचता येणं नव्हे. आमच्या वर्गात तर लॉइड मॉर्गनचं १८९४चं सूत्र पहिल्या सत्रातच पाठ होतं, की साध्या क्षमतेने उलगडा होत असेल तर वरच्या क्षमतेचं नाव घेऊ नये. हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असा बोभाटा झाला होता; १९०७मध्ये ऑस्कर फुंगस्टने दाखवून दिलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपायचा. तेव्हापासून सगळेच सावध.

पण मला विचाराल तर सावधपणाचा आळस झालाय. "नियम असेल" असं म्हणून उठून जाता येत नाही. नियम कोणता ते सांगावं लागेल आणि तोही तपासावा लागेल. आज मी त्याला धर्मकीर्तीच वाचून दाखवला. सातव्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ. दुसऱ्याला मन आहे हे सिद्ध करायला त्याने ‘सन्तानान्तरसिद्धि’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचा संस्कृत मूळ हाती नाही, तिबेटी भाषांतरातून तो टिकला. युक्तिवाद असा: मी बोलतो, हालतो, त्याआधी माझ्यात इच्छा असते, दुसऱ्याचं बोलणं-हालणं दिसतं, तर त्यामागेही इच्छा असणार, आणि ती माझी नाही. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास रत्नकीर्तीने याच परंपरेत राहून त्याचं खंडन केलं. म्हणजे मित्राची हरकत पक्ष्यापाशी थांबत नाही. ती माझ्यापर्यंत येते, त्याच्यापर्यंत जाते. समोर बसून पोहे खाणाऱ्याला मन आहे हे मला तरी कशावरून कळतं? वागण्यावरूनच.

मग बोलणं अनुमानावर आलं आणि तिथे त्याने मला खरं काहीतरी दिलं. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही, कारण धूर यायला ओलं सरपण लागतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, त्या ओल्या सरपणाला उपाधी म्हणतात: सिद्ध करायचं ते जिथे जिथे असतं तिथे तिथे हजर, पण आपण दाखवलेलं कारण असेल तिथे दर वेळी नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे आहे. आठल्ये-बोडसांची १८९७ची आवृत्ती अजून वापरतात, तीच त्याच्या पिशवीत होती. मी त्याला म्हटलं, अरे, आम्ही प्रयोगात कंट्रोल लावतो तो याचसाठी! वाटव्यांनी दोन्ही जागांचं अंतर सारखं का ठेवलं? पक्षी कचरतो तो माणूस जवळ आहे म्हणून, ही उपाधी काढून टाकायला. माणूस दोन्हीकडून सारखा दिसेल असं का बघितलं? दुसरी उपाधी काढायला. चांगला प्रयोग आखणं म्हणजे एकेक ओलं सरपण बाजूला करत जाणं.

तो बराच वेळ आकृतीकडे बघत होता. मग म्हणाला, "रेघेची उपाधी राहिली." खरंय. तेवढी राहिली.

शुक्रवार

पहाटे रूममेटबरोबर पाषाणच्या बाजूला गेले. खोदकामात उरलेली मातीची एक कड आहे, तिथे तिला बिळं माहीत आहेत. तिच्या अटी कडक: लांब बसायचं, थोडाच वेळ, दुर्बिणीतूनच बघायचं, पक्षी खोळंबतोय असं वाटलं की उठायचं. पिल्लांचे दिवस आहेत, आपल्या कुतूहलापायी ती उपाशी राहता कामा नयेत. या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही, आणि मला तिचं हे फार पटतं. मन आहे की नाही हे ठरायच्या आधीच ती ते असल्यासारखी वागते.

राघू चतुर पकडून तारेवर आला. चतुर तारेवर आपटला, एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवली आणि सरळ आत गेला. आम्ही बसलो होतो तिथून बीळ दिसत नव्हतं. यावरून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. तरी छातीत धडधडलं.

रविवार

रेघेच्या उपाधीवर उपाय १९९८मध्येच सुचवला गेलाय. सिसिलिया हेस यांची कल्पना: प्राण्याला आधी स्वतःच गॉगल लावू द्यायचा. एका गॉगलमधून दिसतं, दुसऱ्यातून काहीच नाही. बाहेरून हे ओळखू येत नाही. मग तेच गॉगल माणसाने लावायचे. आता डोळ्यांची दिशा तीच, रेघ तीच. प्राणी फरक करत असेल तर तो स्वतःच्या अनुभवावरून दुसऱ्याच्या दिसण्याकडे जातोय. २०१९मध्ये कानो आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीवर, आरपार दिसणारा आणि न दिसणारा असे दोन आडोसे वापरून चिंपांझीसारख्या मोठ्या वानरांवर प्रयोग केला. वानरांनी तो फरक केला. आणि धर्मकीर्ती तरी वेगळं काय सांगत होता? आपल्या अनुभवावरून दुसऱ्याकडे.

राघूला असा अनुभव कसा देणार? रूममेट ठाम आहे, घरट्यापाशी काहीही उभं करायचं नाही. मलाही ते नको. पण बालवाडीतल्या मुलांना देता येईल. दोन पडदे, दिसायला सारखे, एकातून पलीकडचं दिसतं. आधी मुलांनी मागे बसून बघायचं, मग त्याच पडद्यामागे ताई बसेल आणि लाडवाचा डबा इकडून तिकडे जाईल. प्रश्नाचे शब्दही जपून निवडायचेत: "ताई आधी कुठे बघेल?" असं ‘आधी’ घालून विचारलं की तीन वर्षांची मुलंही जास्त वेळा बरोबर सांगतात, हे सीगल आणि बीटी यांनी १९९१मध्ये दाखवलंय.

सिनॉप्सिस पुन्हा लिहायला घेतला. संदर्भांत राघू राहणार, धर्मकीर्तीही राहणार. गाईड मॅडम विचारतील, मानसशास्त्राच्या प्रबंधात यांचं काय काम. सांगेन. उद्या आधी बालवाडीच्या परवानगीचं पत्र, मग पडद्याच्या कापडासाठी लक्ष्मी रोड.