पटावरून नाव कमी होऊ नये म्हणून

इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत मी हजेरीचं काम बघते. सप्टेंबरात पाचवीच्या प्रवेशासाठी एका आयरिश ट्रॅव्हलर, म्हणजे आयर्लंडमधल्या परंपरेने फिरत्या समाजातल्या, मुलीचा फॉर्म आला. अर्धा कोरा, पत्त्याची जागा रिकामी. वडील झाडं छाटायची कामं घेत फिरतात, ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, उभा राहील तोच पत्ता.

फोनवर बोलताना लक्षात आलं की आईला वाचता येत नाही. मग काउन्सिलमधल्या, म्हणजे स्थानिक प्रशासनातल्या, ट्रॅव्हलर कुटुंबांत वावरणाऱ्या एका बाईंना घेऊन मी थेट तिच्याकडे गेले. ट्रेलर आतून लखलखीत. दारात बूट काढले, तेव्हा आई जरा मोकळी झाली. मी प्रश्न वाचायचा, तिने सांगायचं, मी लिहून पुन्हा वाचून दाखवायचं. वंशाच्या रकान्यापाशी मात्र ती अडली. आधीच्या शाळेत पोरीला फार चिडवलं होतं. मी आग्रह धरला नाही. ते सांगायचं की नाही, हे पालकांनी ठरवायचं असतं.

प्रवेश मिळाला. खरा पेच एप्रिलात आला. कामाचा हंगाम सुरू होणार, म्हणून आई म्हणाली, "घरीच शिकवते असं लिहून देते, नाव काढून टाका." आधीच्या शाळेने तिला हाच मार्ग सुचवला होता, याचा मला आजही राग येतो. तसं पत्र दिलं की नाव पटावरून जातं आणि परत आल्यावर जागा असेलच याची खात्री नाही.

तिला नीट समजावलं. पक्कं घर नसलेलं कुटुंब धंद्यासाठी फिरत असेल, तर हजेरीत 'टी' हा कोड लागतो, जागा राहते. १९९६ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे सहा वर्षांवरच्या मुलाची धंद्यात जमेल तितकी नियमित हजेरी असली आणि मागच्या बारा महिन्यांत किमान २०० सत्रं भरलेली असली, की अशा पालकांवर गैरहजेरीचा गुन्हा लागत नाही. अर्धा दिवस म्हणजे एक सत्र. वाटेत दुसऱ्या शाळेत बसली तरी मूळ शाळा आमचीच राहते. वर्गशिक्षिकेने वाचनाची पुस्तकं आणि गणिताच्या वह्या बांधून दिल्या.

पोरगी परत आली, आता सहावीत, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरच्या आत जायला हवा, आणि याच वळणावर कितीतरी ट्रॅव्हलर मुलांची शाळा सुटते. आई तयार आहे. वडिलांशी बोलायला पुढच्या आठवड्यात काउन्सिलच्या बाई आणि मी पुन्हा जाणार आहोत.