टपली आणि डाख

मार खाल्ल्याशिवाय चालत नाही अशी एक तरी वस्तू प्रत्येक घरात असतेच. कुणाचा रिमोट, कुणाचा टॉर्च, माझ्याकडे एक जुना रेडिओ आहे. मध्येच आवाज गुडूप व्हायचा, मग डाव्या अंगाला खालून चार बोटं वर एक टपली दिली की गाणं जिथून तुटलं तिथून पुढे सुरू. जोरात मारून उपयोग नाही, हळू मारूनही नाही, त्याचा एक अंदाज होता आणि तो फक्त मलाच जमायचा. याचा मला अभिमान वगैरे होता, पाहुण्यांसमोर मुद्दाम करून दाखवायचो. मग एक दिवस टपलीलाही तो दाद देईना तेव्हा नाइलाजाने स्क्रू काढले.

आत काही जळलेलं नाही, वायर तुटलेली नाही, सगळं कसं जिथल्या तिथे. अर्धा तास डोळे फोडल्यावर भिंग घेतलं आणि मग दिसलं. व्हॉल्यूमच्या बटणाच्या पिना बोर्डावर जिथे सोल्डर केल्या होत्या, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या ठिपक्याने जोडल्या होत्या, तिथे एका पिनेभोवती केसाएवढी बारीक काळी रेघ, पूर्ण गोल. म्हणजे पिन सोल्डरच्या त्या ठिपक्यात उभी होती पण त्याला चिकटलेली नव्हती, नुसती टेकलेली. बटण रोज पिळलं जातं, बोर्ड तापतो, थंड होतो, पिन आणि बोर्ड सारखेच फुगत नाहीत, आणि हा सगळा ताण बिचाऱ्या त्या ठिपक्यावर. माझी टपली म्हणजे पिन तात्पुरती धक्क्याने परत टेकवणं, बस, एवढंच माझं कौशल्य! रिपेअरवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, आणि हे दोन शब्द ते इतक्या सहज उच्चारतात की वाटतं रेडिओला सर्दीच झालीय.

सोल्डरला मराठीत डाख हा छान शब्द आहे आणि सोल्डरिंगला डाखकाम, पण सोल्डरिंग गन हातात घेतलेला माणूस काही डाख म्हणत नाही, मी पण नाही म्हणत. तर हा डाख म्हणजे मुळात कथील आणि शिसं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की कथील एकटं असेल तर २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं एकटं असेल तर ३२७ ला, पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असं एकत्र केलं की दोघं मिळून १८३ लाच पाणी पाणी होतात. एकेकटे असताना जास्त ताठ. ६०-४० ची तारही मिळते, ती थोडा वेळ धड घट्ट नाही धड पातळ नाही अशी लापशीसारखी राहते आणि नेमका तेव्हाच हात हलला की जोड खरखरीत होतो, दिसायला ठीकठाक, आतून कच्चा.

आणि तांबं वितळतं १०८५ अंशांना. म्हणजे ज्या दोन वस्तू जोडायच्यात त्यांना काही पत्ताच लागत नाही, त्या जशाच्या तशा, मधलं तेवढं वितळतं. वेल्डिंगमध्ये दोघांनाही वितळावं लागतं. पण म्हणून याला गोंद समजू नका, मी खूप दिवस तसंच समजायचो. वितळलेलं कथील तांब्याच्या पृष्ठभागात थोडंसं शिरतं आणि दोघांचा मिळून एक पातळ थर तयार होतो, जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश, तो ना धड तांबं ना धड कथील. जोड धरतो तो याच थरामुळे. तो जमला नाही तर वर कितीही मोठा गोळा थापा, तो नुसता बसलेला असतो.

माझं पहिलं सोल्डरिंग म्हणजे असे बसलेले गोळेच होते. रंगाचा ब्रश बुडवावा तसं गनच्या टोकावर सोल्डर घ्यायचो आणि वायरीवर नेऊन पुसायचो. ते वायरीला धरायचंच नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळून टेबलावर, एकदा मांडीवर (त्याबद्दल नको बोलूया). चूक ही की तापवायची असते वस्तू, सोल्डर नाही. गनचं टोक पिन आणि बोर्डावरचं तांबं दोघांना एकदम टेकवायचं, मनात एक... दोन... म्हणायचं आणि मग तार दुसऱ्या बाजूने लावायची, गनला नाही, पिनेला. पहिला क्षणभर काहीच होत नाही, तार हट्टी मुलासारखी उभीच, आणि मग अचानक टोक मऊ पडतं, चमकतं, आणि सोल्डर पिनेभोवती गर्रकन फिरून थोडं वर चढतं सुद्धा. तार बाजूला, गन बाजूला, हात स्थिर, श्वास रोखलेला. चमक किंचित मंदावते तो घट्ट झाल्याचा क्षण. हे मी शेकडो वेळा केलं असेल, अजून प्रत्येक वेळी बघत बसतो.

यात राळेचा वाटा फार मोठा पण तिचं नाव कुणी घेत नाही. तांब्यावर हवेमुळे एक बारीक पापुद्रा धरतो आणि सोल्डर त्याला शिवतही नाही, राळ तो साफ करते. सोल्डरची तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते, हे कळलं तेव्हा मला शेंगेत दाणा सापडल्यासारखं झालं होतं. तो जो निळसर धूर वर येतो तो राळेचा, शिशाचा नाही, एवढ्याशा उष्णतेत शिसं काही उडून जात नाही. पण राळेचा धूर रोज ओढला तर दमा जडू शकतो, तेव्हा तोंड बाजूला आणि पंखा चालू. शिसं राहतं बोटांवर, म्हणून हात धुवूनच जेवायला बसायचं. अॅल्युमिनियमचा पापुद्रा मात्र इतका चिवट आणि तो इतक्या चटकन परत धरतो की साधी राळ हात टेकते.

एक मूर्खपणा सांगतोच. नव्या गनचं टोक काळं पडलं म्हणून मी ते पॉलिश पेपरने घासघासून लखलखीत केलं, आतलं तांबं दिसेपर्यंत. फार समाधान वाटलं. महिन्याभरात टोकाला खड्डा! वितळलेलं कथील तांबं हळूहळू खातं, म्हणून तर टोकावर लोखंडाचा मुलामा दिलेला असतो आणि तोच मी उत्साहात काढून टाकला होता. आता ओला स्पंज आणि वर कायम थोडं ताजं सोल्डर, कल्हई केल्यासारखं.

शिशाचे दिवसही आता भरत आलेत. रोमन लोक शिशाचे पाइप अशाच डाखाने जोडायचे, पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने दोन भाग शिसं एक भाग कथील असं प्रमाणही लिहून ठेवलंय, आणि प्लंबर हा शब्द लॅटिनमधल्या शिशाच्या नावावरून, प्लंबम वरून आला. पण शिसं विषारी, त्यामुळे २००६ च्या जुलैपासून युरोपात बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून ते काढायला लावलं. त्याच्या जागी कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं, वितळायला २१७ च्या पुढे. बरोबरच आहे ते, पण जुन्या हातांची कुरकुर काही थांबत नाही, माझीही. पूर्वी चमकला तो जोड चांगला हे डोळ्याला कळायचं, आता चांगला जोडही निस्तेजच दिसतो. वर शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून कधीकधी आपोआप केसासारख्या मिशा फुटतात आणि शॉर्ट सर्किट होतं, धातूला मिशा! शिसं त्यांना बऱ्यापैकी दाबून ठेवायचं.

सोल्डर कच्चं असतं अशी तक्रार करणाऱ्यांना मी ट्रम्पेटचं उदाहरण देतो. त्याच्या नळ्यांमधले आधार मुद्दाम सोल्डरने जोडतात, पोचा आला की थोडी उष्णता देऊन सोडवायचे, पोचा काढायचा, परत जोडायचे. आगीच्या वेळी आपोआप पाणी सोडणाऱ्या काही स्प्रिंकलरमध्ये तर दोन पट्ट्या साधारण सत्तर अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मिश्रधातूने धरलेल्या असतात. त्या जोडाचं कामच सुटणं.

तर रेडिओ. जुनं सोल्डर पंपाने ओढून घेतलं, पिन खरवडली, नवं भरलं, रेघ गेली. दीड महिना एकदाही आवाज गेला नाही. परवा मित्र आला, गाणं छान सुरू होतं, त्याला टपलीची गंमत सांगता सांगता हात सवयीने डाव्या अंगाला गेला, चार बोटं वर, तोच अंदाज... आणि आवाज बंद.

बाकीच्या पिना मी बघितल्याच नव्हत्या.