म्यानमारची चौकट

१ फेब्रुवारी २०२१ हा मुंबईतल्या मराठी दैनिकांसाठी एरवीही धावपळीचाच दिवस होता. अर्थसंकल्प मांडला जाणार होता आणि टाळेबंदीपासून सर्वसामान्यांना बंद असलेली लोकल त्याच दिवशी ठरावीक वेळांत खुली होत होती. तेव्हा मी सांभाळत असलेल्या परदेश पानाचा निम्मा भाग या बातम्यांनी बळकावला असता तरी नवल नव्हते. त्यात सकाळीच म्यानमारची बातमी आली: लष्कराने सत्ताधारी पक्षाच्या नेत्या आंग सान स्यू ची यांना ताब्यात घेऊन वर्षभराची आणीबाणी पुकारली होती. दुपारच्या बैठकीत वृत्तसंपादक म्हणाले, “मॅडम, निवडणुका यांनीच दिल्या, मग यांनीच त्या का मोडल्या? अडीचशे शब्दांची चौकट द्या.”

त्याआधीच्या दशकात लष्कराने दिलेल्या सुधारणा हा निव्वळ देखावा होता, असे माझ्या तरुण सहकाऱ्याचे ठाम मत होते. मला ते पटले नाही. ऑगस्ट २०१२मध्ये तिथली प्रकाशनपूर्व सेन्सॉरशिप उठली आणि एप्रिल २०१३पासून खासगी दैनिके निघू लागली. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याने तरी याला देखावा म्हणू नये. मात्र ही मोकळीक देण्यापूर्वी लष्कराने २००८च्या राज्यघटनेत स्वतःची पुरती तजवीज करून ठेवली होती. संसदेतल्या एक चतुर्थांश जागा त्याच्यासाठी राखीव होत्या, घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मतांची अट होती आणि संरक्षण, गृह व सीमा व्यवहार या खात्यांचे मंत्री सरसेनापतीच ठरवत. एवढे सगळे हाती असताना बंड करायचे कशाला, हा खरा प्रश्न होता.

मी आकडे मांडून पाहिले. ६६४ जागांच्या संयुक्त संसदेत लष्कराचे १६६ सदस्य न निवडताच बसत, म्हणजे बहुमतासाठी त्याच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला आणखी १६७ जागा पुरल्या असत्या. नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत त्या पक्षाला मिळाल्या ३३, आणि स्यू ची यांच्या पक्षाला ३९६. शिवाय सरसेनापती मिन आंग लाइंग जुलैमध्ये वयाच्या ६५व्या वर्षी निवृत्त व्हायचे होते, आणि रोहिंग्यांवरील अत्याचारांबद्दल त्यांच्यावर खटला भरावा असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८मध्येच म्हटले होते. अशा संसदेकडून अध्यक्षपद मिळण्याची आशा नव्हती, आणि गणवेश उतरला की संरक्षणही उरले नसते.

तुलनेसाठी मी पोलंड घेतला. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीचे प्रमुख असलेल्या ज्या जनरल यारुझेल्स्कींनी डिसेंबर १९८१मध्ये मार्शल लॉ लावून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना दडपली, त्यांच्याच राजवटीने १९८९मध्ये तिच्याशी बोलणी करून मर्यादित निवडणूक घेतली. पहिली फेरी ४ जूनला, म्हणजे बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकाभोवती रक्तपात चालू होता त्याच दिवशी झाली. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा अखेर विरोधकांनी जिंकल्या, तरीही निकाल फिरवला गेला नाही. मॉस्को रणगाडे पाठवणार नव्हते, देश कर्जात बुडालेला होता, आणि जुलैमध्ये खुद्द यारुझेल्स्कींना अध्यक्षपद मिळाले. हरूनही त्यांना बसायला खुर्ची होती.

संध्याकाळी जाहिरात आली आणि चौकट दीडशे शब्दांवर आली. वृत्तसंपादकांनी पोलंड काढला, निवृत्तीचे वाक्य मी हट्टाने ठेवले. जागेचा हिशेब त्यांचा बरोबर होता. पण पोलंडवाचून ते वाक्य एका माणसाच्या हावेची बातमी वाटते, आणि मला सांगायचे होते ते तेवढेच नव्हते.