गड्ड्याची गर्दी आणि जे-साय

सोलापूरला मामांना फोन केला की प्रश्न ठरलेला, "तू तिथं नेमकं काय करायलीस?" जिनिव्हाला सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आहे म्हटलं की "हां, ते देवकणवाले!" आणि पुढचं वाक्य थेट शेंगाचटणीवर. मामा, देवकण वेगळा. मी असते जे-सायच्या मागे.

प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते क्वार्क. त्यातला चार्म नावाचा क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क (उलट भाराचं जुळं), या जोडीचा कण म्हणजे जे-साय. वजन प्रोटॉनच्या साधारण ३.३ पट. १९७४ साली अमेरिकेत टिंग आणि रिक्टर यांच्या गटांना तो स्वतंत्रपणे सापडला, दोनच वर्षांत दोघांना नोबेल.

प्रोटॉन धडकले की त्यांतले ग्लुऑन (क्वार्कना चिकटवून ठेवणारे कण) भिडतात आणि चार्मची जोडी जन्मते. इथपर्यंतचं गणित बऱ्यापैकी सुटतं. घोडं अडतं पुढे: त्या दोघांचा एक कण बनतो कसा? १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन या कण धडकवणाऱ्या यंत्रावर जे-सायचा थोरला भाऊ (त्याच जोडीचा, पण जास्त वजनाचा कण) भाकिताच्या कितीतरी पट जास्त निघाला, तेव्हापासून सिद्धांतवाले डागडुजी करतायत.

शिशाची अणुकेंद्रकं आदळली की खरी मजा. क्षणभर क्वार्क-ग्लुऑनचा तापलेला रस्सा होतो. १९८६ साली मात्सुई आणि सात्झ म्हणाले, या रश्शात जे-साय फुटेल. का, ते सोलापूरकरांना सांगायला होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, पुरे. हात धरून निघालेले दोघे गर्दीत शिरले की मध्ये इतकी माणसं येतात, एकाची हाक दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. फक्त क्वार्कला जुन्या जोडीदाराचं काही पडलेलं नसतं. वाटेत भेटेल त्या प्रतिक्वार्कचा हात धरतो.

म्हणूनच गंमत झाली. एलएचसीत, म्हणजे सर्नच्या मोठ्या धडकयंत्रात, धडक अमेरिकेतल्या आरएचआयसी या तशाच यंत्रापेक्षा कितीतरी जोरदार, तेव्हा जे-साय आणखी घटायला हवेत. पण एलएचसीवरच्या अ‍ॅलिस प्रयोगात, विशेषतः कमी वेगाचे, उलट जास्त टिकलेले दिसले. चार्म क्वार्कच एवढे तयार होतात, की रस्सा निवताना नव्या जोड्या जमतात. मोजतो आम्ही म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे वजनदार भाऊबंद, कारण शंभरातले सहाएक जे-साय म्युऑनच्या जोडीत फुटतात, आणि जाड भिंतीपार जवळजवळ फक्त म्युऑनच जातात. त्या मोजणीसाठी 'मानस' नावाची चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने घडवली.

मला स्वतःला अप्सिलॉन, म्हणजे बॉटम नावाच्या क्वार्कची तशीच जोडी, जास्त आवडतो. बॉटम क्वार्क मुळात विरळ, त्यामुळे नव्याने जुळणाऱ्या जोड्यांचा गोंधळ फार नाही. अप्सिलॉनच्या तीन भावंडांत सर्वांत सैल बांधलेलं सर्वाधिक घटतं, घट्ट बांधलेलं सर्वांत कमी, हे एलएचसीवरच्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाच्या आलेखात उघड दिसतं.